पहिल्या क्रमांकाची पट्टी

प्रिय खारूताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, पण उत्तर येत नाही. तक्रार करत नाहीये. चौदा महिन्यांपूर्वी निघताना तू दारात म्हणालीस की बाबा, तुमच्याशी काय बोलायचं तेच मला कळत नाही, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणाऱ्यांतली नाहीस. लहानपणी चॉकलेटचे चांदीचे कागदसुद्धा नखाने सरळ करून ठेवायचीस. काम असं आहे की तुम्हा बहीणभावाच्या ॲनिमेच्या, त्या जपानी कार्टून मालिकांच्या यादीत एक दुरुस्ती करायची आहे आणि ती तुझ्याशिवाय होत नाही.

यादी अजून तिथेच आहे, धाकट्याच्या कपाटाच्या दाराला आतून. एकवीस मालिका, नावं लिहिलेल्या कागदाच्या एकवीस पट्ट्या, माझ्या लॅबमधून पळवलेल्या गुलाबी मेणाने चिकटवलेल्या. कवळीच्या हिरड्यांसाठी आणलेलं ते मेण तुम्ही दोघांनी किती उधळलंत! दर वर्षी सुट्टी लागली की त्या दारासमोर बसून तुमचा कल्ला सुरू. यंत्रमानवांची मालिका दहाच्या खाली गेलीच पाहिजे म्हणून तू हटून बसायचीस आणि तो पट्टीवर हात ठेवून उभा राहायचा. आई म्हणायची, संसदेतसुद्धा जेवायची सुट्टी होते. नियम मात्र कडक: शेवटच्या भागापर्यंत दोघांनी पाहिल्याशिवाय मालिकेला क्रमांक नाही, आणि पट्टीच्या मागे दोघांच्या सह्या. तू शिकायला लांब गेलीस, दुसऱ्या सहीला माणूस उरला नाही, तेव्हा त्याने मला धरलं.

बत्तीस वर्षं मी लोकांचे दात करतोय. मला पहिल्यांदा दिसलं ते हेच, की या चित्रांतल्या माणसांना दातच नसतात. तोंड उघडलं की नुसती एक सलग पांढरी फीत. मी म्हटलं, असली कवळी पाठवली तर दातांचे डॉक्टर माझ्या तोंडावर फेकतील. तेव्हा तो हॉस्पिटलात होता. इतका हसला की सलाइनची सुई हलली आणि नर्सबाईंनी झापलं मला. आता मी पहिल्या क्रमांकाची सोडून बाकीच्या वीसच्या वीस पाहिल्यात. दुपारी जेवण झालं की लॅब तासभर बंद. आई आधी नाक मुरडायची, हल्ली माझ्या आधी येऊन बसते. बेकरीवाल्या मालिकेतला म्हातारा गेला तर दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. आणि यंत्रमानवांबद्दल तू म्हणत होतीस ते बरोबर आहे, बाराव्या भागानंतर पाणी घालून वाढवलंय सगळं. त्याच्यासमोर मी हे कधी कबूल केलं नसतं.

पण प्रश्न पहिल्या क्रमांकाचा आहे. तू आली होतीस तेव्हा त्या कपाटाला हात लावला नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. तिथे आता बहीणभावाची मालिका आहे. डोंगरमाथ्यावर एक हवामान केंद्र, तिथे दोघंच राहतात. केंद्रातलं यंत्र बिघडतं, बहीण त्याचा भाग आणायला खाली उतरते आणि पुढचे सगळे भाग ती परत यायची धडपड करत असते. सव्वीस भाग. पंचवीस आम्ही दोघांनी मिळून पाहिले, त्याच्या जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करून. पंचविसाव्याच्या शेवटी ती शेवटचा चढ चढायला लागते, भाऊ खिडकीशी बसलेला असतो, आणि बर्फ सुरू होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याला पडद्याकडे बघवेना, उजेडाने डोकं ठणकायचं. मला म्हणाला, शेवटचा तुम्ही बघा आणि सांगा. मी टॅब घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो आणि सुरूच केला नाही. हिंमत झाली नाही गं. घड्याळात चोवीस मिनिटं काढली, आत गेलो आणि सांगितलं की ती पोचते, दारात बूट झटकते, आणि आल्या आल्या विचारते, शेगडीवर काय ठेवलंयस रे. बूट, शेगडी, सगळं मनचं. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, मग एक नंबर. पट्टीवरचं अक्षर माझं आहे, त्याला लिहवत नव्हतं. मागे त्याची वेडीवाकडी सही आणि खाली माझी. चौथ्या दिवशी तो गेला. पट्टी मी नंतर लावली.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. तुझ्यापासून त्याचं दुखणं लपवलं हे तुला माहीत आहे, आणि आईला गप्प बसवणाराही मीच. सुरुवातीला त्यालाही तेच हवं होतं. तुझी शेवटची परीक्षा तोंडावर होती आणि तो फोनवर तुझ्याशी साधा ताप असल्यासारखं बोलायचा. पण शेवटच्या दहा दिवसांत त्याने मला सांगितलं, बाबा, आता ताईला बोलवा. त्याचा फोन माझ्याकडे होता. तू फोन करायचीस, मी म्हणायचो झोपलाय. आणि त्याला सांगायचो, कळवलंय तिला सगळं, पण तिला निघता येत नाहीये. तो रोज विचारायचा आणि मी रोज हेच सांगायचो. परीक्षा होईपर्यंत तो तग धरेल असं मला खरंच वाटत होतं. तो तुझ्यावर एकदाही चिडला नाही, उलट मलाच म्हणायचा, तिच्या मागे लागू नका. म्हणजे तुला सगळं ठाऊक असून तू आली नाहीस, असं समजून माझा पोरगा गेला. हे मी केलं. माफी मागायला मला तोंड नाही. सव्विसावा भाग मी अजून पाहिलेला नाही. तिथवर येतो आणि बंद करतो. तुमच्या नियमाने माझी सही खोटी आहे, आणि पट्टी तिथे ठेवायची की काढायची हे ठरवायला दोन माणसं लागतात. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बस. तो भाग बघ, आणि ती पोचत नसेल तर पट्टी तुझ्या हाताने काढून टाक. तेव्हा मी तुला बोलावलं नाही. आज बोलावतोय. ये.

तुझाच, तू म्हणशील ते ऐकून घेणारा,
बाबा