शोकाकुल यादीतलं पहिलं नाव

परळ,
१८ जानेवारी २०२५

चि. संघमित्रा हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझा फोन चार दिवस बंद, म्हणून हे पत्र मायाच्या हाती पाठवतोय. माझ्या पोरीला तुझा वॉचमन ओळखतो, तेवढी तरी तुझ्या दारात आमची ओळख शिल्लक आहे.

रागाने लिहितोय, पण मनाला लावून घेऊ नकोस. मंगळवारी दुपारी रघुनाथराव शाळेतून आले, खुर्चीत बसले आणि बसल्याजागी गेले. तू दुबईला कार्यक्रमात. तुझ्यासाठी त्यांना सकाळपर्यंत गिरगावच्या वाडीत, तुमच्या घरीच ठेवलं. बुधवारी चंदनवाडीत अग्नी दिला तरी तुझा पत्ता नाही. चौदा वर्षांचा संसार, आणि बायको शेवटचं तोंड बघायला नाही. तुझी वहिनी बकुळा सारखी मागे वळून बघत होती. लोक मला विचारत होते, बहीण कुठाय. मी काय सांगणार, कपाळ?

तुमच्या लग्नात साक्षीदाराची सही माझी. तेव्हापासून तुम्ही म्हणालात तसं तोंड शिवून बसलो. तू स्टेजवर, पेपरात. ते शाळेत मुलांना चित्रकला शिकवणार. तुम्ही नवरा-बायको हे कुणाला कळायचं नाही. ठीक. पण माणूसच गेला, आता लपवायचं कुणापासून? तू चोरासारखी कोपऱ्यात रडत बसणार, हे मला बघवेना. मंगळवारी संध्याकाळीच फ्लेक्स छापून नाक्यावर लावला. ‘शोकाकुल’च्या खाली पहिलं नाव तुझं : पत्नी, सुप्रसिद्ध गायिका संघमित्रा. भावाने एवढंही करू नये?

२६ तारखेला, रविवारी, आपल्या चाळीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली आहे. ये, दोन शब्द बोल. वहिनीने डब्यात भाकरी आणि सुकट दिली आहे, ती खा. गळ्याची कारणं आम्हाला सांगू नकोस.

रागावलेल्या भावावरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा
धम्मपालदादा


माहीम,
२१ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम, वि. वि.

डबा पोचला. सुकट गेली नाही रे, तोंडाला चवच नाही. वहिनीला मात्र खाल्ली म्हणून सांग.

मी आले होते दादा. विमानतळावरून टॅक्सी केली, नऊला वाडीच्या कोपऱ्यावर पोचले. तुझ्या फ्लेक्सचा फोटो तोवर गावभर झाला होता, वाडीच्या तोंडाशी कॅमेरेच कॅमेरे. मी उतरले असते तर ते सगळे माझ्यामागून त्या खोलीत शिरले असते. ज्या माणसाने चौदा वर्षं माझ्याबरोबर एक फोटो काढू दिला नाही, त्याचा मेलेला चेहरा लोकांनी फोनवर बघितला असता. म्हणून मी तोंडाला ओढणी लावून बसून राहिले. तुम्ही त्यांना घेऊन माझ्या खिडकीजवळून गेलात. बांधलेले अंगठे दिसले. चेहरा दिसला नाही.

तू मला मान द्यायला गेलास, कळतं मला. पण आम्ही कुणाला भीत नव्हतो. गाणं लोकांचं, ते मी रोज देते. घर तेवढं आमचं होतं. वाडीतली सोळा बिऱ्हाडं मला वहिनी म्हणायची, पण बाहेर कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. आमचं घर चव्हाट्यावर आणलं ते माझ्या सख्ख्या भावाने.

आता कुणीही उठतो आणि आमची जात काढतो. एकीने सासूबाईंच्या तोंडाशी माईक धरून विचारलं, मूल का झालं नाही. त्यांनी दार लावून घेतलं, ते अजून बंद आहे. खाली कॅमेरे बसलेत, मला वर जाता येत नाही. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून एकदा रडायचं आहे, दुसरं काही नको. तेवढंही होत नाही.

सभेला मी येणार नाही. तुझ्यावर चिडायला गेले तरी जीव तुझ्यातच अडकतो, त्याचाच जास्त त्रास होतो.

वहिनीला नमस्कार. मनात थोडी जागा असू द्यावी.

तुझी
संघू


परळ,
२७ जानेवारी २०२५

चि. संघूस,
जयभीम.

पत्र वाचलं. बकुळाला दाखवलं नाही. ती टॅक्सी मला आठवते. खांद्यावर रघुनाथराव होते आणि गाडी वाटेत होती, म्हणून ड्रायव्हरला मी शिवी हासडली होती.

फ्लेक्स उतरवला, पण फोटो थोडाच उतरतो. काल हॉल खच्चून भरला, तो त्यांच्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. चार चॅनेलवाले आले होते. मी माईक घेतला आणि सांगितलं, ती गायिका आमची कोणी लागत नाही. माझ्या बहिणीचं नाव तेच, पण ती गावाला असते. मोठेपणा मिरवायला मीच खोटं छापलं, माफी असावी. एकाने विचारलं, फुकटची प्रसिद्धी हवी होती का. मी हो म्हटलं.

समोर अख्खी चाळ बसली होती. दुर्गामावशीने तर तुला न्हाऊमाखू घातलंय. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट मावशीच उठून म्हणाली, धम्मपालला लहानपणापासून बढाया मारायची खोड आहे.

आज तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. लोक हसतायत मला, हसू देत. दुपारी वाडीतून निरोप आला, कॅमेरे उठले. आज संध्याकाळी जा. रघुनाथरावांच्या आईला मी कळवलंय, दार नुसतं लोटलेलं असेल.

खोटं बोललो ते आता निभवायला हवं. यापुढे तुझ्या कार्यक्रमाला मी येणार नाही, घरी नाही, हे पत्र देऊन आली की मायालाही पाठवणार नाही. तू इकडे फिरकू नकोस. उद्या मी गेलो तरी येऊ नकोस, लोकांना परत संशय येईल.

जेवत जा. लोभ असावा, पण कुणाला दिसू देऊ नये.

धम्मपाल