मला मागण्याची तालीम

शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रिय मॉनिटर,

मंगळवार, १२ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तक्रारीच्या पत्रात दिवस आणि वेळ पहिल्या ओळीत हवी, असं कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं. तू वर्गाची मॉनिटर होतीस, तुला आठवत असेलच.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. परवा गुरुवारी तू आलीस तेव्हा शेजारीण म्हणाली ना, ‘त्यांना बरं नाही, झोपल्यात’? ते मीच तिला पढवलं होतं. मी ठणठणीत होते आणि पडद्याआडून बघत होते. फाटकापाशी थांबून तू दोनदा वर पाहिलंस. ते काळजीनं की हिशेबानं, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मंगळवारी मी तुमच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायला आले होते. नर्स म्हणाली, “मॅडम वर आहेत, नव्या इमारतीच्या निधीची मीटिंग चाललीय. जा ना, तुम्ही काय परक्या आहात?” गेले. दार अर्धं उघडं होतं. आत तू, तुमचे कोषाध्यक्ष आणि तो पगारी सल्लागार, ज्याचा स्वेटर कायम खांद्यावर असतो, अंगात कधीच नसतो. कोषाध्यक्ष मान वाकडी करून बायकी आवाजात बोलत होते. मला वाटलं, नाटकबिटक बसवताय की काय.

“नवी इमारत? अहो, आहे तिचे नळ आधी गळायचे थांबवा!”

तुम्ही हसलात. मलाही हसू आलं, वाक्य चांगलं होतं. मग लक्षात आलं, ते माझंच होतं.

देणगी मागायला जाण्याआधी तुम्ही मागण्याची तालीम करता, हे मला ठाऊक नव्हतं. कोषाध्यक्ष म्हणजे मी, आणि मागणारी तू. फळ्यावर माझ्या नावापुढे आकडासुद्धा लिहिलेला होता. तू त्यांना मध्येच थांबवलंस, आणि तेही माझं शाळेतलं टोपणनाव घेऊन.

“छे, ती अशी नाही म्हणणार. टाचणी आधी चहा विचारेल. चहा उकळेपर्यंत तुमचा अपमान करेल. पैशाचं बोलायचं ते कप रिकामा झाल्यावर. आणि ‘दान’ हा शब्द काढलात, तर चपला घालायलाही वेळ देणार नाही.”

खरं सांगते, इतकं बरोबर मला कुणी ओळखलेलं नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही, आणि त्या बिचाऱ्याला एकतीस वर्षं मिळाली होती.

त्यावर स्वेटर म्हणाला, “वर्षभर मशागत उत्तम झालीय. आता मागायला हरकत नाही. प्रतीक्षागृहाला त्यांच्या यजमानांचं नाव देऊ म्हणा.”

मशागत! मी म्हणजे काय पडीक जमीन? वर्षभर म्हणजे आपले पत्त्यांचे गुरुवार ना गं? शाळा सुटल्यावर जवळजवळ पन्नास वर्षं तू फिरकली नाहीस, आणि तुमची निधी समिती नेमली गेली त्याच महिन्यात माझी बेल वाजवलीस. विमा कचेरीत दावे तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. खोटा दावा मला वासावरून कळायचा. तू आलीस तेव्हा कळला नाही, कारण मला तो कळून घ्यायचा नव्हता. आता शंका येतात त्या रांगेनं येतात. पत्त्यांत हरायचीस, ती खरंच हरायचीस? माझा कोरडा केक दुसऱ्यांदा मागून घेणारी जगात तू एकटीच. घर तुझ्याच नावावर आहे का, असं बोलता बोलता विचारलंस, आणि मी शहाणी सगळं सांगून मोकळी झाले.

मग कोषाध्यक्ष माझ्या आवाजात आणखी एक वाक्य बोलले. ते लिहायचं नाही असं ठरवून मी या पत्राचे बरेच कागद फाडले. लिहितेच.

“माझा मुलगा साधा फोनसुद्धा करत नाही हो. मी कुणासाठी ठेवू?”

हे कुणालाही माहीत नाही. शेजारणीला मी दर सोमवारी त्याच्या तब्येतीच्या बातम्या देते, सगळ्या मनानं रचलेल्या. तुला तेवढं एकदा सांगितलं, पत्ते पिसता पिसता, आणि मग तोंड धुवून आले. तूही तो विषय पुन्हा काढला नाहीस, म्हणून मला तू थोर वाटलीस. ते वाक्य त्या खोलीत कसं पोचलं, याचं उत्तर शोधायला विमा कचेरी लागत नाही.

त्या वाक्यावर कुणी हसलं नाही. तू “हे बघा—” म्हणालीस. तेवढंच ऐकून मी खाली आले. पुढचं ऐकायचा धीर झाला नाही. रक्तदाब न मोजताच घरी गेले. मोजला असता, तर नर्सनं मला तिथंच आडवं केलं असतं.

आता व्यवहाराचं. काल केंद्राच्या खिडकीवर मी चेक दिला. फळ्यावरचाच आकडा. पावती घेतली. नाव कुठंही लावायचं नाही. यजमानांना ताटकळत बसण्याचा तिटकारा होता, त्यांचं नाव प्रतीक्षागृहाला म्हणजे शुद्ध थट्टा. इमारत हवीच आहे. तुमच्या जिन्यावर बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात, ते मला दिसतं. त्यासाठी मला नांगरायची गरज नव्हती. नुसतं विचारायचं होतं.

तेव्हा आता माझ्याकडून मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. घर मुलालाच जाणार, तो मूर्ख असला तरी. माझ्यावर आणखी एक गुरुवार खर्च करायला तुझ्या समितीला कारण नाही.

म्हणून एकच विचारते. “हे बघा”च्या पुढे तू काय म्हणालीस?

उत्तर लेखी हवं, तुझ्या हातचं. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी विश्वास ठेवून बसेन, आणि यावेळी मला खरं हवंय. स्वेटरला दाखवून लिहिलेलं मी पहिल्या ओळीत ओळखेन. बुधवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या पत्रपेटीत पडलं पाहिजे. त्यानंतर आलेलं मी उघडणार नाही. बुधवारच का, ते तुला सांगायला नको; दुसऱ्या दिवशी गुरुवार.

तुझी (हा शब्द पाच वाजेपर्यंतच),
टाचणी