धाकट्याचा कापूस, माझा दोर

हे मृत्युपत्र तीन आठवड्यांपूर्वीच लिहायचे होते. मुकादम रोज विचारत आणि मी रोज पेन शोधत असे. उद्यापासून पाण्याची उंच टाकी दोरावर लटकून रंगवायची आहे आणि हा कागद हातात पडल्याशिवाय ते कोणाला वर सोडत नाहीत. तर मी, वय चोवीस, धंदा रंगारी (त्याआधी बरेच काही), डोके ठिकाणावर ठेवून आणि मुकादम सोडून कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की:

एक. घरदार नाही. सहा गावांत भाड्याने राहिलो, एकाही भिंतीत खिळा ठोकला नाही.

दोन. माझे बूट, सॅक आणि तंबू धाकट्या भावाला. अट एकच, त्याने एक तरी मुक्काम एकट्याने घराबाहेर करावा. आईने मागोमाग जाऊ नये. तो सातव्या महिन्यात जन्मला हे मान्य. पण आता एकवीस वर्षांचा आहे आणि त्याचे दूध आई अजून फुंकून देते. तो शिंकला की घरातल्या सगळ्या खिडक्या लागत. मी जिन्यावरून गडगडलो तेव्हा ती आतूनच म्हणाली, "काय फुटलं रे?"

"कोपर."

"बरं. मला वाटलं बरणी."

माझ्या गळ्यात आठव्या वर्षी घराची किल्ली अडकवली. त्याला अजून किल्ली नाही.

तीन. इंग्रजीचे पुस्तक माझ्या रंगकामातल्या जोडीदाराला परत. तो पूर्वी जहाजावर होता. धाकट्याची हकिकत ऐकून म्हणाला, "याला इंग्रजीत कापसात गुंडाळून ठेवणं म्हणतात. इतकं जपायचं की वारा लागू नये. पण कौतुकानं नाही हं, नावं ठेवताना म्हणतात." मी लगेच आईला लिहिले, तू त्याला कापसात गुंडाळून ठेवलं आहेस. त्याच पत्रात टाकीची उंचीही लिहिली, उगाचच. उत्तर आले नाही. खरे सांगायचे तर मला नावे ठेवायचीच नव्हती. त्यातला एक बोळा हवा होता.

चार. आईला काय द्यावे सुचत नाही. जागा सोडली आहे.

ठिकाण: रंगाच्या गोदामावरची खोली. रविवार, दुपार.

साक्षीदार पहिला: जोडीदार. सही केली.

साक्षीदार दुसरा: मुकादम. सही बाकी. जोडीदार त्यांना बोलवायला गेला होता, तो एकटाच परत आला. म्हणतो, "मुकादम अडकलेत. खाली एक बाई आल्यात. दोर खांबाला बांधून दोन्ही हातांनी ओढून बघतायत. म्हणतात, हा नको, नवा आणा."

"कोण बाई?"

"धाकट्याकडे किल्ली देऊन आले, म्हणाल्या."