ड्रायव्हरच्या बाजूचं रबर

३ ऑगस्ट

परत पाणी! गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दारातून आत शिरलं आणि ह्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. दिराचा फोन नेमका तेव्हाच. "वहिनी, दादाला किती दिवस त्या डबड्यात बसवणार? न्यूमोनिया झाला की मग डोळे उघडतील." डबडं म्हणे. ह्याच डबड्यावर गाडी शिकलात भावोजी, तेव्हा नाही नाक मुरडलंत.

झटका आल्यापासून ह्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, उरला फक्त राग. घरात ताट भिरकावतात, दिवसभर कण्हतात. अंगणातल्या गाडीत स्टीअरिंगमागे नेऊन बसवलं की गप्प. तासन्‌तास समोर बघत बसतात. तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो, अंघोळ होते, रडायचं असलं तर तेही उरकतं. ही गाडी गेली तर मला वेड लागेल. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

गाडी दोघा भावांच्या मालकीची. दिराने गिऱ्हाईक बघून ठेवलंय. "महिनाअखेरपर्यंत पाणी थांबलं नाही तर विकून टाकू." बरं. थांबवते.

५ ऑगस्ट

चारही दारांच्या चौकटींचं रबर गेलंय. सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात गेले. मालक थंडगार काचेआड बसलेला, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. कंपनीने ही गाडी काढायचं कधीच बंद केलं, रबर परदेशातून मागवावं लागेल म्हणाला. भाव ऐकून मी विचारलं, "रबरासोबत गाडी पण येते का?" हसला नाही. "जुन्या गाड्या हौशी लोकांनी ठेवाव्यात, मॅडम."

हौस! याला एक दिवस माझ्या घरी आणून ठेवायला पाहिजे.

६ ऑगस्ट

भंगारवाल्याकडे ह्याच मॉडेलची गाडी निघाली. दाराचं रबर ओढलं तर हातात भुगा. त्या भुग्याचेही पैसे मागत होता मेला.

९ ऑगस्ट

बाजाराच्या मागच्या गल्लीत रबराचं दुकान सापडलं. फ्रिजची, खिडक्यांची, कुकरची, सगळी रबरं छताला लोंबतायत. म्हातारा खडूस. "तुकडा आणलाय?" आणला होता, पर्समध्ये. उलटसुलट करून बघितला. एका बाजूला खाच, दुसऱ्या बाजूला पोकळ नळी. "बसच्या डिकीचं आहे, जवळपास असंच. मीटरवर मिळेल. जरा जास्तच न्या."

जास्त न्या! दुकानदारांच्या या युक्त्या मला काय नवीन आहेत? घरी टेपने मोजलं होतं तेवढंच कापून घेतलं. एक बोटभरही जास्त नाही.

११ ऑगस्ट

सगळं मीच बसवलं. यूट्यूबवरचा तो टकला म्हणतो, दहा मिनिटांचं काम. माझी सकाळ गेली. प्रत्येक दाराला वीतभर कमी पडलं, कोपऱ्यांची वळणं मोजायची राहिली होती बहुतेक. ताणून बसवलं. रबरच आहे, ताणणारच.

पाइप लावून पाणी मारलं. आत थेंब नाही! हे आत बसून काचेवरून ओघळणारं पाणी बघत होते. दिराला फोटो पाठवला. बघितल्याची खूण आली, उत्तर नाही. जळो.

१४ ऑगस्ट

रबर आक्रसून आपल्या मूळ मापावर आलं. चारही दारांच्या वरच्या कोपऱ्यांत बोट जाईल एवढ्या फटी.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताणलंत ना?" एवढंच. ते रबर त्याच्या तोंडावर फेकून मारावंसं वाटलं. नवीन घेतलं. या वेळी दर दारामागे हातभर जास्त. तो गालात हसत होता, मी बघितलं.

१६ ऑगस्ट

ढिलं ठेवून, दाबत दाबत बसवलं. जोड खाली पायाशी घेतला. दोन नखं तुटली. दारं धाडकन लावावी लागतात, पण पाणी येत नाही.

१७ ऑगस्ट

व्यायामवाली आली. ह्यांचा उजवा हात वर केला, सोडला, तो मांडीवर पडला. "हाताचं आता थांबवू. आशा धरू नका. पायावर लक्ष देऊ." ह्यांच्या तोंडावर! वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका."

तिने पर्स उचलली आणि गेली. आता पायाचं कोण बघणार? बघू. आज नाही.

२० ऑगस्ट

ड्रायव्हरच्या दाराजवळचं रबर सुटलंय. चौकटीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वर, वीतभर. बाकी तीन दारं ठणठणीत. परत बसवलं.

२१ ऑगस्ट

परत सुटलं. तिथेच.

२३ ऑगस्ट

गोंद लावून बसवलं होतं, तरी आज अर्धं बाहेर. नीट बघितलं. कडेला चिमटीत धरून ओढल्याच्या खुणा आहेत. आपोआप सुटलेलं रबर असं दिसत नाही. कुणीतरी ओढतंय.

दीर परवा येऊन गेला. "दादाला भेटायला." कधी नव्हे ते. दार उघडून बराच वेळ गाडीपाशी उभा होता, मी चहा करत होते.

अंगाची नुसती लाही झाली. आजारी भावाच्या अंगावर पाणी पाडून गाडी विकायची? एवढा खाली गेला हा माणूस?

२४ ऑगस्ट

फोन लावला आणि सोडलं नाही त्याला. काय वाट्टेल ते बोलले. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. रविवारी मी गिऱ्हाईक घेऊन येतोय."

म्हणजे मी वेडी. आणि गाडी रविवारी जाणार.

फाटकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात.

२५ ऑगस्ट

कुलूप तसंच. रबर सुटलेलं!

भिंतीवरून येतो का हा? उद्या हलायचंच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोळ्यांत तेल घालून बघणार. मोबाइलवर शूटिंग करून सगळ्या नातेवाइकांना दाखवते.

२६ ऑगस्ट

कुणी आलं नाही. हे स्वतःच ओढत होते. कड पकडायचे, निसटायची, थांबून परत पकडायचे. उजव्या हाताने.

मी जागची हलले नाही. सगळं रबर सुटेपर्यंत ओढू दिलं.