पट्टी उजव्या डोळ्यावर

अक्का,

काल कंपू भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुक्ताच्या तिरळ्या डाव्या डोळ्याची नजर आणखी कमी झाली आहे. आता तिचं सहावं वर्ष संपतंय, डोळा सुधारायला फार वेळ नाही. मी म्हटलं, पट्टी तर रोज लागते. तेव्हा मुक्ता बोलली, "आत्या खराब डोळ्यावर लावते. म्हणते, चांगला कशाला झाकायचा?"

अक्का, चांगला झाकला तरच आळशी डोळा काम करतो. मुक्ताच्या आईने, विनिताने, मरणाच्या आदल्या आठवड्यात पलंगावर बसून तुला हे दाखवलं होतं. वर तू शेजारणींना सांगतेस, तिरळी पोर भाग्याची असते. आई गेलेल्या पोरीसमोर हे पुन्हा बोलू नकोस.

मी ड्यूटीवर जातोय. मुक्ता झोपली आहे. आजची पट्टी अजून लावायची आहे.

मानसिंग