गयाआत्याची तेरवी

२ ऑक्टोबर, सर्वपित्री
तिवशाला नानाकाकांकडे. दुपारी पानं मांडली. आजी-आजोबा, माझे बाबा आणि गयाआत्या. बाबांची नि काकांची ही थोरली बहीण. विशीच्या आत गेली, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. काकांनी सुनेला अडवलं. "हिचं पान नोको मांडू. मेली हे कोनी पाह्यलं?"
शहाऐंशीव्या वर्षी हा प्रश्न. सून हातातलं पान घेऊन उभी. कावळा मात्र वेळेवर आला. आमच्या घराण्यात वक्तशीर तेवढा तोच.
काकांचा मुलगा बंडू म्हणाला, वय झालं बाबाचं. मला तसं वाटलं नाही. निघताना काकांनी बाजूला घेतलं, "साऱ्या जगाचं उकरतं तू पेपरात, हे एवढं पाहून दे मले. मेली असं कोर्टात लिवलेलं हाय."

१४ ऑक्टो.
अमरावती, कोर्टाचा रेकॉर्ड विभाग. आजोबा गेल्यानंतरच्या फेरफारावरून वारसाच्या प्रकरणाचा नंबर सापडला. नकलेसाठी अर्ज दिला. बाबू म्हणाले, जुनं आहे, उंदरांनी ठेवलं असेल तर मिळेल.

२९ ऑक्टो.
उंदीर सज्जन निघाले. नक्कल मिळाली.
साक्षीदार स्वतः काका, ऐन तारुण्यातले. बहीण आहे काय? वारली. कशावरून? तेरवी केली, गाव जेवलं. झालं, कोर्टाचं समाधान. शेत दोघा भावांच्या नावे. मरणाची तारीख कुठेच नाही, कोणी विचारलीही नाही. ज्याच्या नावाने पंगत उठली तो मेलाच, असा आमचा पुराव्याचा कायदा.

३ नोव्हें.
काकांना नक्कल वाचून दाखवली. चष्मा काढून ऐकत होते. "खोटं नाई बोललो म्या. तेरवी झालतीच."
मग हळूहळू सांगितलं. आत्या लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आली. अकोल्याला मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला गेली, तिथेच ख्रिस्ती झाली. आजोबांनी कणकेची बाहुली करून नदीवर नेऊन जाळली. जित्या लेकीची तेरवी घातली. काका तेव्हा शाळकरी.
"बुंदी होती. म्या मांगून मांगून खाल्ली."
एरवी मला टोमणा शोधावा लागत नाही. आज शोधला, मिळाला नाही.
मग म्हणाले, "असन काय रे जिती? भेटली तं एक सांगाचं हाय तिले." काय, ते विचारायचा धीर झाला नाही.
बंडू फाटकापर्यंत सोडायला आला. शेताचा सौदा जवळपास ठरलाय. "भाऊ, मेलेले वारस उठवून राहिले तुमी. लेखाले दुसरा विषय नाई काय?" निम्मं शेत माझंही आहे. तो भला, बोलला नाही. म्हणून इथे लिहितो.

११ नोव्हें.
अकोला, चर्चचं ऑफिस. पाळकसाहेबांनी विचारलं, कोण लागतात तुमच्या? आत्या, म्हटलं. आजवर हा शब्द फक्त पान वाढताना उच्चारलेला.
आधी बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या सासरच्या आडनावाने शोधत बसलो. मूर्खपणा. ते आडनाव ती कशाला सांगेल? मग गावाचा रकाना धरला. तिवसा. बाप्तिस्म्यानंतरचं नाव कृपाबाई. बापाच्या रकान्यात माझे आजोबा, पूर्ण नावानिशी. ज्याने बाहुली जाळली, त्याचं नाव तिने तसंच लिहवून घेतलं.
पुढच्या वहीत लग्न, दवाखान्यातल्या कंपाउंडरशी. त्याही पुढे मुलीचं, सुनंदाचं लग्न. साक्षीदार म्हणून आईची सही, ठसठशीत. काकांची साक्ष त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे कोर्टात ती वारली तेव्हा इथे अकोल्यात रोज ड्यूटीवर जात होती. तिवशाहून अर्ध्या दिवसाची वाट.
दफनाच्या नोंदी पाहिल्या. नाही.
पाळक म्हणाले, त्यावर जाऊ नका. म्हातारी माणसं मुलांकडे जातात, नोंद तिकडच्या चर्चमध्ये होते. सुनंदाबाईंचा नंबर लगेच देणार नाहीत. आधी त्यांना विचारतील. बरोबर आहे. आमच्यासारख्या नातेवाइकांपासून लोकांना जपलंच पाहिजे.
काकांना फोनवर एवढंच सांगितलं, नोंद सापडली नाही. "कायची?" पुरल्याची. "बरं," म्हणाले. आवाज बदललेला.

२१ नोव्हें.
सुनंदाबाई तयार झाल्या. तिवशाला जाऊन काकांच्या शेजारी बसून फोन लावला. बाहुली, तेरवी, कोर्ट, शेत, सगळं सांगितलं. शेतात त्यांचा हक्क निघतो हेही. बंडू दारात उभा होता, असू दे.
मीच म्हटलं, काकांना एकदा यायचंय. निदान कबरीचं दर्शन.
"कबर कोणाची?" त्या म्हणाल्या. "थांबा. आईला विचारून सांगते."
काकांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा एकदा.

२२ नोव्हें.
सुनंदाबाईंचा फोन नाही. आला तो बंडूचा. वाटलं, सौद्याच्या सहीचं विचारणार. थोडा वेळ नुसता खाकरत राहिला. "बाबानं पाहाटीच न्हावी बलावला, भाऊ. दाढी करून, नवं धोतर नेसून बाहीर खुर्चीवर बसला हाय. जेवाले उठत नाई. काय सांगू त्याले?"
सांग, अजून आईले विचारून राहिल्या म्हणावं.