सकाळच्या जाड रेघा

चि. बारक्या यास (हे नाव तुला चौथीत शोभत होतं, आता वजनकाट्याजवळ उच्चारू नये),

थोरल्या ताईचे आशीर्वाद. पत्र पोचेल तेव्हा तू, तुझी बायको आणि गच्चीवरचा तुझा कुंड्यांचा पसारा धडधाकट असाल असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहेत. मी तर नुसती बरी नाही, जिंकलेली आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" करत पेपर वाचतोस. पानं उलटल्याचा आवाज येतो मला.

माझा सोरायसिस तुला ठाऊक आहेच. एकतीस वर्षं कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात मुक्कामाला आहे, आणि आम्हाला एकमेकांची सवय झाली आहे. तर मागे माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. नुसता सांधा नाही, मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट, जणू कुणा जाड्या माणसाचं चुकून मला लागलंय. सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवेना. तुझे भाऊजी म्हणाले, चप्पल बदल. शेजारच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, साखर कमी करा (त्यांचं उत्तर पोट दुखलं तरी तेच असतं). आणि आमचे त्वचेचे डॉक्टर (मी त्यांना मलमवाले म्हणते, अजून तरी तोंडावर नाही) मान वर न करता म्हणाले, "वय झालं, आजी." आजी! चाळीस वर्षं मी साहेब लोकांची भाषणं लघुलिपीत उतरवली. "बाई" सोडून दुसरी हाक मला मारायची एकाचीही छाती झाली नाही.

आता मला सांग, हात गेला तर माझ्याकडे उरलं काय? स्वयंपाक मला कधी जमला नाही, गळा देवाने दिला नाही, स्वभावाबद्दल तू बोलू नकोस. एक लिहिणं तेवढं येतं. निवृत्तीनंतर हाताची सवय मोडू नये म्हणून मी रोज सकाळी साडेसहाच्या बातम्या रेडिओवरून दहा मिनिटं उतरवते, आणि त्याच पानावर खाली दहाच्या बातम्या पुन्हा. शेजारी समासात त्या दिवशी काय दुखलं आणि त्यावर कोण काय बोललं तेही, तारखेसकट. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी दोनच गोष्टी शिकवल्या: पाठ ताठ ठेवा आणि जे ऐकलं ते ऐकलं तसंच लिहा. पहिली आता अधूनमधून जमते.

तर मी आठ महिन्यांच्या सहा वह्या पिशवीत घालून मलमवाल्यांकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, घ्या, सगळा पुरावा आहे. त्यांनी पहिली वही उघडली, उलटी धरली, मग सुलट धरली, आणि अतिशय मृदू आवाजात विचारलं, "नातवाची आहे का हो?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही लिपी या शहरात मी आणि बहुधा आणखी दोन म्हाताऱ्या सोडल्या तर कुणाला वाचता येत नाही. आठ महिने मी खटला तयार केला होता आणि तो न्यायाधीशाला कळणाऱ्या भाषेतच नव्हता!

पण मी हटणारी बाई आहे का? वही ओढून घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. अमुक तारीख, डॉक्टर म्हणाले, वय झालं. अमुक तारीख, बोट दाखवलं, डॉक्टर म्हणाले, मलम संपलं का. अमुक तारीख, टाचेचं सांगितलं, तर डॉक्टर फोनवर कुणाला तरी गाडीच्या टायरबद्दल बोलत होते (टायरचं मापही लिहिलेलं होतं). दार उघडं होतं. बाहेर बाकावर बारा पेशंट होते, त्यातले एक आजोबा म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं." चौथ्या पानावर मलमवाल्यांनी मला सांधेतज्ज्ञ बाईंच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. एवढ्या भरभर लिहिणारा माणूस मी नोकरीत असतानाही पाहिला नाही.

सांधेवाल्या बाई तिशीतल्या, केस कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला, टाच पाहिली, नखांवरचे सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे पाहिले, हाडांचा एक्स-रे फोटो काढला. वह्या त्यांनाही वाचता येईनात. पण त्या पानं उलटत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "या वरच्या रेघा जाड, थरथरलेल्या, खालच्या बारीक, सरळ. असं का?" मी पाहिलं तर खरंच की! वरचा साडेसहाचा मजकूर बघावा तर पेन्सिल दाबून दाबून कागद फाटायला आलेला. खालचा दहाचा माझ्या नेहमीच्या हातचा. पानामागून पान तसंच. सकाळी तासनतास आखडलेले सांधे मी रोज स्वतःच्या हाताने नोंदवत होते आणि पेन्सिलच खराब दिली म्हणून दुकानदाराशी भांडत होते.

बाई म्हणाल्या, सोरायसिसवाल्या चार-पाच जणांमागे एकाचे सांधे धरतात. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटलो असंही नाही. मात्र वेळेत औषध सुरू झालं तर हाडं वाचवता येतात. झिजली की परत येत नाहीत. माझी वाचली आहेत, बारक्या! फोटोत सगळी जागच्या जागी. औषध सुरू आहे, बाईंच्या सांगण्यावरून वजन चार किलो उतरवलं आहे, बोट निम्म्यावर आलं आहे, आणि हे पत्र मी साडेसहाला लिहायला बसले आहे. रेघ बघ.

मलमवाल्यांच्या भिंतीवर आता एक कागद आहे, मी टाइप केलेला. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडतं का, अख्खं बोट सुजतं का, टाच दुखते का, नखांत खड्डे आहेत का. ते प्रत्येक पेशंटला विचारतात. मी दोनदा जाऊन बाकावर बसून खात्री केली. मला आता बाई म्हणतात.

तुझी,
ताई

ता. क. तुझ्या बायकोचा परवा फोन आला होता. तुझ्या डोक्यातल्या ज्याला तू तीन वर्षं कोंडा म्हणतोस तो कोंडा नाही, हे मला तुझ्या गेल्या भेटीतच कळलं होतं. सकाळी तू जिना आडवा, खेकड्यासारखा उतरतोस हे मात्र तिने सांगितलं. दाखवून घ्या म्हटल्यावर "तू डॉक्टर आहेस का?" असं तू तिला विचारलंस, तेही सांगितलं. सांधेवाल्या बाईंची मंगळवारी अकराची वेळ तुझ्या नावे घेतली आहे. सिगारेट घरी ठेवून ये.

ता. क. २. वर एक गोष्ट राहिली. बोट सुजलं त्याच आठवड्यात माझ्या सुनेने ते हातात घेऊन म्हटलं होतं, "आई, हे सोरायसिसचंच असेल, सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवूया." मी तिला काय म्हटलं ते तू ओळखशीलच, तू तुझ्या बायकोला म्हणालास तेच, शब्दही तेच. पहिल्या वहीच्या दुसऱ्या पानावर आहे. दवाखान्यात मी ते पान गाळून वाचलं. आठ महिने मलमवाल्यांनी घालवले, असं मी सगळीकडे सांगते. पहिला महिना तरी माझाच.

हे पत्र सूनच पेटीत टाकायला नेते आहे. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही.